धमन्या, हिरड्या आणि तीन गोळ्यांची पट्टी

वास्कोतल्या कुठल्याही फार्मसीसमोर पावसाळ्यातल्या संध्याकाळी थोडा वेळ उभे राहा. घसा धरलाय, कफ झालाय, अंग मोडून आलेय असे काहीबाही सांगून अझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची पट्टी मागणारा एक तरी माणूस दिसतोच. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ही गोळी विकायची नाही असा नियम आहे, पण नियम कपाटावर चिकटवलेल्या कागदापुरता. आता या मागणीला एक नवे निमित्त मिळू लागले आहे. हृदयाच्या धमन्यांतल्या ब्लॉकेजमध्ये जंतू सापडतात, ही बातमी मोबाईलवरून फिरते, आणि घरात कुणाची अँजिओप्लास्टी झालेली असेल तर पुढचा प्रश्न ठरलेला असतो. मग जंतू मारायच्या गोळ्यांचा एक कोर्स करून टाकला तर?

उत्तर आधीच सांगतो. करू नका. बातमी खोटी नाही, तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. तो का चुकीचा हे नीट कळले, तर त्याच बातमीतून तुमच्या उपयोगाचे बरेच काही हाती लागते. मात्र त्यासाठी फार्मसीऐवजी दंतवैद्याकडे जावे लागते आणि साखरेचा रिपोर्ट काढून बघावा लागतो.

वास्कोला जंतूंची जुनी ओळख आहे. इथला दामोदर भजनी सप्ताह सव्वाशे वर्षांच्या आसपासचा. गावात साथ आली, लोकांनी जांबावलीच्या दामोदराला साकडे घातले आणि त्यातून सप्ताह सुरू झाला, असे जुनी माणसे सांगत आली आहेत. त्या काळात जंतू म्हणजे चार दिवसांत माणूस घेऊन जाणारे. कोण आला, कोणाला घेऊन गेला, सगळे डोळ्यांसमोर. धमन्यांच्या बाबतीत असा उघड हिशेब नाही. धमनी जाड व्हायला विशीत-तिशीत सुरुवात होते आणि त्रास पन्नाशीत होतो. मधल्या तीस वर्षांत शरीरात कितीतरी जंतू येऊन गेलेले असतात. त्यातला नेमका दोषी कोण, आणि मुळात कुणी दोषी आहे की नाही, हे शोधणे म्हणूनच अवघड झाले.

संशय आला कुठून?

धमनीचे ब्लॉकेज म्हणजे नळात साचलेला गाळ, असे चित्र आपल्या डोक्यात असते. प्रत्यक्षात थर साचतो तो धमनीच्या पोकळीत नव्हे, तिच्या भिंतीत. रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, आतल्या नाजूक अस्तराखाली शिरते. ते उचलायला पांढऱ्या पेशी धावतात, चरबी खाऊन फुगतात आणि तिथेच मरून पडतात. भोवती सूज येते, वर तंतूंचे झाकण तयार होते, वर्षानुवर्षे कॅल्शियम साठते. झाकण घट्ट असेल तोवर माणूस हिंडता-फिरता असतो. ते फाटले की तिथे रक्ताची गुठळी होते आणि झटका येतो. सगळा प्रकार जिवंत पेशींचा आणि सुजेचा आहे. सूज म्हटली की डॉक्टरच्या मनात पहिला संशय जंतूंचाच येणार.

१९८८ साली फिनलंडमध्ये पेक्का सायकू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयरोग्यांचे रक्त तपासले. श्वसनमार्गाला त्रास देणारा क्लॅमिडिया न्यूमोनिए नावाचा जीवाणू आहे. त्याच्याविरुद्धची प्रतिद्रव्ये या रोग्यांत निरोगी माणसांपेक्षा जास्त आढळली. १९९२मध्ये जोहान्सबर्गच्या संशोधकांना शवविच्छेदनात मिळालेल्या धमन्यांच्या थरात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, तोच जीवाणू दिसला. तेव्हा वैद्यकजगात वातावरणही अनुकूल होते. पोटातला अल्सर तिखटामुळे आणि काळजीमुळे होतो ही समजूत बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी नुकतीच मोडीत काढली होती. अल्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू असतो हे पटवायला मार्शलनी तो स्वतः पिऊन दाखवला होता. पुढे २००५मध्ये दोघांना नोबेल मिळाले. अल्सरसारखा हृदयरोगही दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा झाला तर, हे स्वप्न कुणाला पडणार नाही?

स्वप्नाची परीक्षा घ्यायला मोठमोठ्या चाचण्या झाल्या. अमेरिकेतल्या एका चाचणीत हृदयरोग असलेल्या ४,०१२ लोकांपैकी निम्म्यांना वर्षभर दर आठवड्याला अझिथ्रोमायसिन दिले, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. जवळजवळ चार वर्षे पाठपुरावा झाला. झटके आणि मृत्यू दोन्ही गटांत सारखेच. दुसऱ्या चाचणीत झटका किंवा झटक्याची सुरुवात होऊन गेलेल्या चार हजारांहून अधिक रुग्णांपैकी निम्म्यांना गॅटिफ्लॉक्सासिन हे जास्त जोरकस औषध दर महिन्याला दिले. तिथेही काही नाही. दोन्हींचे निकाल २००५मध्ये एकाच वेळी आले आणि हा उत्साह एका दमात ओसरला.

डेन्मार्कमधली चाचणी मात्र मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. तिथे ४,३७३ हृदयरोग्यांपैकी निम्म्यांना फक्त दोन आठवडे क्लॅरिथ्रोमायसिन दिले. ही गोळी अझिथ्रोमायसिनच्याच कुळातली. तीन वर्षांनी पाहिले तेव्हा गोळी घेतलेल्यांपैकी ९.८ टक्के मरण पावले होते, न घेतलेल्यांपैकी ७.८ टक्के. म्हणजे फायदा तर नाहीच, उलट जीव गेले. २०१८मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हृदयरोग्यांना ही गोळी देताना विचार करा, असा इशारा डॉक्टरांना दिला. अझिथ्रोमायसिनने हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते हा इशारा त्याच्याही आधीचा, २०१३चा आहे.

आता फार्मसीसमोरच्या त्या माणसाकडे पुन्हा पाहा. त्याच्या खिशात कदाचित कोलेस्टेरॉलची गोळी आहे. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन किंवा सिम्व्हास्टॅटिन चालू असताना क्लॅरिथ्रोमायसिन घेतले, तर स्टॅटिनचे रक्तातले प्रमाण वाढते. स्नायू दुखू लागतात, क्वचित ते इतके झिजतात की मूत्रपिंडावर ताण येतो. टिकाग्रेलॉर ही स्टेंटनंतरची गोळी चालू असेल तर क्लॅरिथ्रोमायसिन वर्ज्यच. न्यूमोनिया झाला, दाताला गळू झाले, तर अँटिबायोटिक घ्यावेच लागते, आणि ते घ्यायला घाबरू नये. फक्त ते लिहून देणाऱ्याला तुमच्या हृदयाच्या गोळ्यांची यादी ठाऊक असली पाहिजे. यादी मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, इतके पुरे.

तोंडातून हृदयापर्यंत

क्लॅमिडियाचा मामला थंडावला, तरी दुसरा धागा सुटला नाही. तोही फिनलंडमध्येच सुरू झाला. १९८९मध्ये किम्मो मट्टिला यांनी दाखवले की झटका आलेल्या लोकांचे दात-हिरड्या, इतरांच्या तुलनेत, जास्त खराब असतात. त्यानंतर धमन्यांच्या थरात हिरड्यांच्या रोगातले जीवाणू सापडत गेले. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हे त्यातले सर्वांत कुप्रसिद्ध नाव. २०१३मध्ये फिनलंडच्या टॅम्पेरे शहरातल्या गटाने झटका आलेल्या १०१ रुग्णांच्या धमनीतून ओढून काढलेल्या गुठळ्या तपासल्या. चारांपैकी तीनांहून अधिक गुठळ्यांत तोंडातल्या स्ट्रेप्टोकोकस जीवाणूंचा डीएनए मिळाला. २०२५मध्ये त्याच शहरातून आलेल्या संशोधनात, अचानक मरण पावलेल्या लोकांच्या हृदयधमन्यांत हे जीवाणू चिकट पापुद्रा करून दडून बसलेले आढळले. शरीराच्या पहारेकरी पेशींना ते दिसत नाहीत. मोबाईलवर फिरणारी बातमी बहुधा हीच.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. चिकट पापुद्र्यात बसलेल्या जीवाणूपर्यंत अँटिबायोटिक नीट पोचत नाही. दातांवरचा थर गोळ्या घेऊन जात नाही, खरवडावाच लागतो, त्याचे कारणही तेच. म्हणजे ही बातमी वाचून गोळी मागणारा माणूस बातमीच्या उलट दिशेने चालला आहे.

दुसरी गोष्ट अशी, की थरात जीवाणू सापडला म्हणजे त्याने थर केला असे होत नाही. चरबी खाणाऱ्या पांढऱ्या पेशी रक्तातले जीवाणूही गिळतात, आणि त्या थरात शिरताना त्यांना सोबत नेतात. शिवाय विडी ओढणाऱ्याच्या हिरड्याही खराब असतात आणि धमन्याही. मधुमेह्याचेही तसेच. दोन्ही रोग एकाच घरात राहतात म्हणून एक दुसऱ्याचा बाप ठरत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२मध्ये सगळा पुरावा चाळून काढला. हिरड्यांचा रोग आणि धमन्यांचा रोग यांत संबंध आहे, तो विडी, मधुमेह वगैरे वजा केल्यावरही उरतो, पण हिरड्यांवर उपचार केल्याने झटका टळतो असे सिद्ध झालेले नाही, असा त्यांचा निर्वाळा. ‘दात साफ करा, हार्ट अ‍ॅटॅक टाळा’ अशी जाहिरात कुणी केली तर ती पुराव्याच्या पुढे धावते आहे.

तरीही हिरड्यांकडे लक्ष द्या असे मी सांगतो, आणि गोव्यात राहणाऱ्यांना तर आग्रहाने सांगतो. कारण साखर.

गोव्याची साखर

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह पाहणीचा निकाल २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात निघाले, २६.४ टक्के. पुदुच्चेरी आणि केरळ त्याच्या मागोमाग. म्हणजे पेडण्यापासून काणकोणपर्यंत दर चार प्रौढांमागे एकाहून अधिक. सप्ताहाच्या फेरीतले खाजे वर्षातून एकदाच येते, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. रोजचा भात, पाव, चहा, बैठे काम आणि पोटाचा घेर, ही खरी बाब आहे.

हिरड्या आणि साखर यांचे नाते दोन्ही बाजूंनी चालते. साखर वाढलेली असली की हिरड्या लवकर सुजतात, जखम भरत नाही, दाताखालचे हाड झिजते. आणि हिरड्यांतली सूज कायम राहिली की इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो, साखर आवरत नाही. हिरड्यांवर नीट उपचार केले तर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, सुमारे ०.४ टक्क्याने खाली येते, असे अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर दिसले आहे. ऐकायला आकडा छोटा वाटतो. पण मधुमेहाची आणखी एक गोळी वाढवून कित्येकदा याच्या आसपासचाच फरक पडतो. साखर धमन्यांना खराब करते हे सिद्ध आहे, त्याला आता कुणी हरकत घेत नाही. तेव्हा जीवाणू थेट धमनीत जाऊन काय करतात हा वाद शास्त्रज्ञांवर सोपवून द्या. हिरड्या सांभाळल्याचा फायदा साखरेच्या वाटेने मिळतोच.

आरशासमोर उभे राहून ओठ वर उचला. निरोगी हिरडी फिकट गुलाबी आणि घट्ट असते, दाताला कॉलरसारखी चिकटलेली. (सावळ्या माणसांत तिच्यावर तपकिरी छटा असू शकते, तो रोग नव्हे.) कडा लाल, फुगीर, चकचकीत असेल, ब्रशवर रक्त दिसत असेल, दात लांब झाल्यासारखे वाटत असतील, दातांमध्ये अन्न अडकू लागले असेल, तोंडाचा वास घरचे सांगत असतील, तर हिरडीचा रोग आहे असे धरून चाला. दुखत नाही म्हणून थांबू नका. हा रोग दुखत नाही, हीच त्याची खोड. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांची तर आणखी फसगत होते. निकोटीनने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून रोग आत वाढत असताना रक्त मात्र येत नाही. अशा माणसाने सिगारेट सोडली की काही आठवड्यांत हिरड्यांतून रक्त येऊ लागते, आणि तो म्हणतो, सोडल्यानेच बिघडले.

मिशेरीचे वेगळे सांगायला हवे. पेडणे, डिचोली, सत्तरीच्या गावांतून आणि शेजारच्या सिंधुदुर्गात बऱ्याच वयस्क बायका अजून भाजलेल्या तंबाखूची पूड हिरड्यांवर घासतात. तपकिरीच्या ट्यूबही त्याच कामाला येतात. दात शिवशिवत नाहीत, पोट साफ होते, अशी कारणे ऐकू येतात. दातांच्या कुठल्याही उत्पादनात तंबाखू वापरायला केंद्र सरकारने १९९२पासून बंदी घातली आहे. आजींना ‘सोड’ म्हणून ओरडून उपयोग होत नाही, कारण ते व्यसन आहे, सवय नव्हे. आधी दिवसातून किती वेळा ते मोजा, दोन वेळा कमी करा, दात ठणकत असेल तर त्याचा इलाज करा म्हणजे मिशेरीचे निमित्तच जाईल.

ब्रश मऊ घ्या. तो दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या रेषेवर तिरका टेकवा आणि जागच्या जागी हलकेच थरथरवा, मग दाताच्या दिशेने खाली-वर ओढा. आडवे घासल्याने हिरडी सोलवटते, थर तसाच राहतो. दोन मिनिटे, दोन वेळा, त्यातली रात्रीची वेळ जास्त महत्त्वाची. दातांच्या फटी ब्रशने साफ होत नाहीत. फट रुंद असेल तर बाटली धुण्याच्या कुंच्यासारखा दिसणारा बारीक ब्रश मिळतो, अरुंद असेल तर दातांचा दोरा. लाल दंतमंजन, राखुंडी, मीठ-कोळसा यांनी दात चकचकतात, पण झीजही होते. खोबरेल तेलाच्या गुळण्या करायच्या असतील तर करा, ब्रशच्या जागी मात्र नको.

दंतवैद्याकडे दात साफ करून घेण्याविषयी एक समजूत फार पक्की आहे. साफ केले की दात हलू लागतात. यामागे लोकांचा अनुभव आहे, निष्कर्ष उलटा आहे. दातांवरचे किटण वर्षानुवर्षे साचून सिमेंटसारखे होते आणि मुळाशी हाड झिजलेल्या दातांना ते एकमेकांना धरून ठेवते. किटण निघाले की आधीच सैल झालेला दात सैल असल्याचे कळते, आणि किटणाने भरलेली फट उघडी पडून जिभेला लागते. किटण ठेवले तर हाड आणखी झिजत राहील. बांबोळीला वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारातच गोवा दंत महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, १९८०पासूनचे. तिथे हिरड्यांचा स्वतंत्र विभाग आहे. वास्कोहून झुआरीच्या नव्या पुलावरून जाणे आता पूर्वीइतके जिवावर येत नाही. मधुमेह असलेल्यांनी सहा महिन्यांनी, हिरड्यांचा रोग जुना असेल तर तीन-चार महिन्यांनी जावे. न्याहारी करून, नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन सकाळच्या वेळी जा, रिकाम्या पोटी रांगेत बसून साखर घसरवू नका.

ज्यांना स्टेंट बसवला आहे त्यांनी पुढचे नीट वाचावे. दात काढायचा म्हणून अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर स्वतःहून बंद करू नका. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून नको, दंतवैद्य म्हणाला तरी हृदयाच्या डॉक्टरशी बोलल्याशिवाय नको. दात काढल्यावर जास्त रक्त आले तर ते बोळा दाबून, टाका घालून थांबवता येते. गोळी थांबवल्यामुळे स्टेंटमध्ये गुठळी झाली तर ते थांबवणे तितके सोपे नाही. नुकताच झटका आलेला असेल तर तातडीचे नसलेले दातांचे काम केव्हा करायचे, हे हृदयाच्या डॉक्टरलाच विचारा.

आणि इथे एकाच जागी अँटिबायोटिकची गोळी खरोखर लागते. हृदयात कृत्रिम झडप बसवलेली असेल, झडपेला पूर्वी जंतुसंसर्ग होऊन गेला असेल, किंवा जन्मजात हृदयदोषाचे काही ठरावीक प्रकार असतील, तर दात काढण्याआधी किंवा किटण काढण्याआधी एकच डोस देतात, बहुधा अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, तासभर आधी. कारण दातातून रक्तात शिरलेले जीवाणू अशा झडपेवर घर करतात. नुसता स्टेंट, बायपास किंवा पेसमेकर असेल तर त्याची गरज नसते. तेव्हा दंतवैद्याला ‘हार्टचा त्रास आहे’ एवढेच सांगू नका, नेमके काय झाले ते सांगा.

मोरी, आंबट-तीक आणि आतड्यातले जीवाणू

जीवाणूंची तिसरी गोष्ट आतड्यातली आहे, आणि ती मासे खाणाऱ्या गावाला विचारात पाडणारी आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये स्टॅन्ली हेझन यांच्या गटाने २०११पासून दाखवत आणले की, अंड्यातले कोलीन आणि लाल मांसातले कार्निटीन आतड्यातले जीवाणू खातात आणि ट्रायमिथिलअमाइन नावाचा वायू सोडतात. यकृत त्याचे रूपांतर टीएमएओ या पदार्थात करते. २०१३मध्ये चार हजारांहून अधिक रुग्ण पाहिले, तेव्हा ज्यांच्या रक्तात टीएमएओ जास्त, त्यांना झटक्याचा धोका जास्त असे आढळले. कायम शाकाहारी असलेल्यांना मांस खायला दिले तरी त्यांच्यात टीएमएओ फारसे तयार होत नाही, कारण त्यांच्या आतड्यात ते काम करणारे जीवाणूच कमी. त्या संशोधकांनी स्वयंसेवकांना आठवडाभर अँटिबायोटिक देऊन पाहिले. टीएमएओ जवळजवळ नाहीसे झाले, गोळ्या थांबल्यावर महिन्याभरात परत आले. गोळीचा मार्ग इथेही बंद.

आता गंमत अशी, की टीएमएओ सर्वांत जास्त कशात असेल तर समुद्राच्या माशात. खारट पाण्यात आणि खोलवरच्या दाबाखाली पेशी शाबूत राहाव्यात म्हणून मासा ते साठवतो. त्याला स्वतःचा वास नसतो. मासा मेला, बर्फ वितळला, की जीवाणू त्याचे ट्रायमिथिलअमाइन करतात आणि बाजारात दुपारी येणारा तो ओळखीचा दर्प सुटतो. मोरीच्या अंगात युरिया भरपूर, म्हणून त्यावर उतारा म्हणून टीएमएओही भरपूर, त्यामुळे मोरी लवकर वास मारते. तिचे आंबट-तीक करताना आंबटाचा हात सैल सोडतात, त्याचे रसायनही हेच आहे. आम्लाने ट्रायमिथिलअमाइनचा क्षार होतो आणि तो हवेत उडत नाही. आपल्या आज्यांना सूत्र माहीत नव्हते, प्रमाण बरोबर माहीत होते.

मग बांगडा, तारले, इसवण खाणाऱ्याच्या रक्तात मांस खाणाऱ्यापेक्षा कितीतरी पट टीएमएओ दिसणार, आणि दिसतेही. तरी नियमाने मासे खाणाऱ्यांत हृदयरोग जास्त असतो असे पाहण्यांत निघत नाही, बहुतेक ठिकाणी कमीच निघतो. म्हणजे टीएमएओ हा गुन्हेगार आहे, की मूत्रपिंड मंदावल्याची नुसती खूण, हे अजून ठरायचे आहे. मूत्रपिंड कमजोर झाले की ते रक्तात साठते, हे नक्की. तुमच्यासाठी याचा अर्थ साधा. हुमणातला बांगडा सोडू नका. कमी करायचे तर खारे, सुके आणि रोजचे रव्यात तळलेले तुकडे कमी करा, कारण मिठाने रक्तदाब वाढतो. चोरीस आणि लाल मांस सणावारी ठेवा. भाजी, कुळीथ, अळसांदे, नाचणी रोजच्या जेवणात वाढवा. आतड्यातल्या जीवाणूंना तंतू मिळाले की ते दुसरी, जास्त उपयोगाची आम्ले बनवतात. महागड्या प्रोबायोटिकच्या पुड्यांनी धमन्या मोकळ्या होतात असा पुरावा मात्र नाही.

संसर्ग आणि झटका यांचा एक संबंध मात्र चांगलाच पक्का आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. थर तयार व्हायला जंतू लागतात की नाही हे अनिश्चित, पण तयार असलेला थर फुटायला साधा फ्लू पुरतो. कॅनडात २०१८मध्ये झालेल्या अभ्यासात फ्लूचे निदान झाल्यावर पहिल्या सात दिवसांत झटक्याचे प्रमाण सहापट आढळले. फ्लू हा विषाणूंचा, पण जीवाणूंच्या न्यूमोनियानंतरही धोका असाच वाढतो. झटका आल्यानंतर लगेच फ्लूची लस दिलेल्या रुग्णांत पुढच्या वर्षभरात मृत्यू कमी झाले, हे २०२१च्या चाचणीत दिसले आहे. हृदयरोग, मधुमेह किंवा साठीच्या पुढचे वय असेल तर पावसाळ्याआधी डॉक्टरला फ्लूच्या लशीविषयी विचारा, न्यूमोनियाच्या लशीविषयीही. तापात हृदयाच्या गोळ्या सोडू नका.

वास्कोत हृदयाविषयी बोलायचे आणि कोळशाविषयी गप्प बसायचे, हे बरे दिसणार नाही. बंदरातल्या कोळशाची भुकटी गॅलरीतल्या कपड्यांवर बसते हे गाऱ्हाणे इथे जुने आहे. डोळ्यांना दिसणारी जाड भुकटी नाका-घशात अडकते. फुप्फुसातून रक्तापर्यंत पोचतात ते धुरातले अतिसूक्ष्म कण, आणि धमन्यांना त्यांचा त्रास होतो याचा पुरावा जीवाणूंच्या पुराव्यापेक्षा बराच भक्कम आहे. ट्रक, कचरा जाळणे आणि घरातली डास घालवायची कॉईल यांतही ते कण असतात. दार-खिडक्या बंद करून कॉईल लावण्यापेक्षा मच्छरदाणी बरी.

तपासण्यांवर पैसे कुठे घालवायचे, तेही सांगून टाकतो. क्लॅमिडियाच्या प्रतिद्रव्यांची चाचणी करू नका. अर्ध्याहून अधिक प्रौढांत ती सापडतात आणि त्यातून काही ठरत नाही. टीएमएओचेही तेच. रक्तदाब, एलडीएल, एचबीएवनसी, क्रिएटिनीन आणि कंबरेचे माप, एवढ्याने काम भागते. ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने २००४मध्ये दाखवले की विडी-सिगारेट, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, भाजी-फळांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि दारूची सवय अशा नऊ गोष्टींत झटक्याचा सुमारे नव्वद टक्के धोका सामावतो. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे लवकर येतो, हेही त्याच अभ्यासात निघाले. म्हणून घरात कुणाला पन्नाशीच्या आत झटका आला असेल तर मुलांची तपासणी तिशीतच सुरू करा. हृदयरोग आधीच असेल तर एलडीएल ७०च्या खाली हवे, आता बरेच डॉक्टर ५५च्या खाली आणतात. त्यासाठीची गोळी ‘आता बरे वाटतेय’ म्हणून बंद करायची नसते.

छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटले, दुखणे जबड्यात, डाव्या हातात किंवा पाठीत उतरले, दरदरून घाम आला, किंवा मधुमेह्याला काहीच न दुखता एकाएकी दम लागला, तर ‘गॅस झालाय’ म्हणून सोडा पीत बसू नका आणि स्कूटर काढू नका. १०८ फिरवा. वास्कोत चिखलीचे उपजिल्हा रुग्णालय जवळ आहे. डिचोली-पेडण्याकडच्यांना आपले आरोग्य केंद्र किंवा म्हापशाचे जिल्हा रुग्णालय. ईसीजी पहिल्या दहा मिनिटांत काढायला सांगा. ‘स्टेमी गोवा’ योजनेत सरकारी केंद्रातला ईसीजी लगेच तज्ज्ञांना दाखवला जातो, गरज पडली तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथेच देऊन मग रुग्णाला बांबोळीला हलवतात. गोळ्यांच्या यादीचा तो फोटो तेव्हा दाखवा, आणि दुखणे किती वाजता सुरू झाले ते घड्याळ बघून सांगा.